तोकाइरिन की शोजी

नाव चित्रलिपीतल्या तीन अक्षरांचं. पूर्व, समुद्र, रान. यामागाताच्या डोंगरात ही तीन अक्षरं 'तोकाइरिन' अशी वाचतात. शेजारच्या आकितात गेलात की तीच अक्षरं 'शोजी' होतात. लिहायला एक, बोलायला दोन. तोक्योतल्या शहाण्यांना मात्र फक्त शोजी ठाऊक, आणि जे आपल्याला ठाऊक नाही ते जगात नाहीच अशी त्यांची पक्की खात्री.

मित्सुए तोकाइरिन एकोणिसाव्या वर्षी तोक्योच्या एका स्टुडिओत काम मागायला आली. पहिल्याच सकाळी सहायक दिग्दर्शकाने कागदावरची अक्षरं बघितली आणि भोंग्यातून ओरडला, "शोजी! ए शोजी! मेलीस का कुठे?"

"आले, आले," म्हणत ती धावली. सिनेमात भांडी घासणाऱ्या मोलकरणीचं काम होतं. त्या पोरीने तिथल्या तिथे भोंगेवाल्याला थांबवून आपलं खरं नाव सांगायला हवं होतं असं ज्याला वाटतं, तो कधी कुणाच्या दारात काम मागायला उभा राहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाली. दुसऱ्या दिवशी रंगभूषावाली बाई शोजी म्हणाली, कपडेपटवाला शोजी म्हणाला, जेवणाचा डबा वाटणाराही शोजी म्हणाला. आठवड्याभरात ती शोजी झाली.

गावी कुणाला पत्ता नव्हता. पडद्यावर अक्षरं तीच यायची. बाप शहरातल्या थिएटरात जाऊन शेजाऱ्याला कोपराने ढोसून म्हणायचा, "बघ, तोकाइरिन मित्सुए. माझी पोरगी." ती चार क्षण दिसायची, चहाचा ट्रे ठेवून जायची. बाप तेवढ्यावर खूष.

तो बाप वारला तेव्हा मित्सुए होक्काइदोच्या बर्फात शूटिंगला अडकलेली. दिग्दर्शकाने सोडलं नाही. मोलकरणीच्या कामासाठी सोडलं नाही, हे लक्षात ठेवा. स्टुडिओच्या कचेरीने तिच्या नावाने शोकाची तार पाठवली. त्या काळी तार चित्रलिपीत नव्हे, उच्चाराच्या लिपीत जायची, त्यामुळे लपवायला जागा नव्हती. अंत्यविधीला आलेल्या तारा मोठ्याने वाचतात. वाचणाऱ्याने वाचलं: शोजी मित्सुए. तिचा मोठा भाऊ योशिहारु सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाला, "शोजी? या नावाचं आमच्यात कोण न्हाई. दुसऱ्या घरची तार चुकून आली."

ती पोचली तेव्हा सगळं आटपलेलं होतं. भाऊ दारात उभा राहिला आणि परक्या बाईला विचारावं तसं म्हणाला, "आपण कोण म्हणायच्या?"

तिने उत्तर दिलं नाही. आधी तोंडात शब्द आला नाही, मग राग आला, आणि मग गाडीची वेळ झाली. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली.

या चाळीस वर्षांत तिने काय केलं म्हणाल, तर आया केल्या. मरणारी आई, मेलेली आई, देवघरातल्या फोटोतली आई. नर्स, शेजारीण, रेल्वेत झोपलेली म्हातारी. लग्न केलं नाही. तोक्योच्या नेरिमा भागात एका खोलीत राहायची. फोन वाजला तर कामाचा, नाहीतर चुकीचा. आणि मग बहात्तराव्या वर्षी एका पोरसवदा दिग्दर्शकाने तिला खानावळवाल्या विधवेचं काम दिलं, तिने ते असं केलं की लोकांना एकदम कळलं की ही बाई इतकी वर्षं इथेच होती. सिनेमाच्या वार्षिक पुरस्कारांत साहाय्यक अभिनेत्रींच्या पाच जणींत तिचं नाव आलं.

बातमी कळली त्या संध्याकाळी तिने भावाला फोन लावला. वहिनी गेल्याचं तिला कुणाकडून तरी कळलेलं, पोरं सेन्दाईला असल्याचंही. बराच वेळ घंटा वाजली.

"कोण?"

"दादा, मी मित्सुए."

पलीकडून खोकला. "चेरीची छाटणी करतोय. बर्फ हाय अजून. काय काम?"

"मला बक्षीस मिळायचा संभव आहे. मार्चात. टीव्हीवर दाखवतात."

"कुणाला बक्षीस?"

"मला."

"मला म्हंजी कुणाला? काय नाव घेणार हायेत?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तोकाइरिन म्हणणार असतील तर बगीन," योशिहारु म्हणाला. "शोजीबाईचं बक्षीस बगायला मला येळ न्हाई." आणि फोन ठेवला.

दुसऱ्याच दिवशी ती तिची कामं बघणाऱ्या उबुकाताच्या ऑफिसात गेली. हा पन्नाशीचा, पोट सुटलेला, सदा घाम पुसणारा माणूस. "उबुकाता, आयोजकांना सांगा, माझं नाव तोकाइरिन असं वाचायचं."

उबुकाताच्या हातातला चहा थांबला. "शोजीबाई, थट्टा करताय ना?"

"नाही."

"अहो, पन्नास वर्षांनी? लोक विचारतील ही कोण नवी बाई. माझंच बघा. बँकेत माझी अक्षरं बघून मला रोज 'नामाकाता' म्हणून हाक मारतात. मी जातो खिडकीपाशी. नावाला चिकटून बसलो असतो तर अजून रांगेत असतो."

"तुम्हाला घरी काय म्हणतात?"

"घरी? बायको 'अहो' म्हणते."

"मग तुम्हाला कळायचं नाही," मित्सुए म्हणाली आणि उठली.

उबुकाताने विचारून बघितलं. आयोजकांचं उत्तर तेच, जे अशा ठिकाणी मिळतं: कार्यक्रमाचा आवाज आधीच रेकॉर्ड झालाय, सगळीकडे शोजीच गेलंय, आता बदललं तर प्रेक्षक गोंधळतील. प्रेक्षक! पन्नास वर्षं त्यांनी तिच्याकडे बघितलं नव्हतं, आणि आता ते गोंधळतील म्हणून काळजी. "नाही म्हणाले हो," उबुकाताने फोनवर सांगितलं. "सोडून द्या."

तिने सोडून दिलं. भावाला मात्र कळवलं नाही. दोनदा आकडे दाबले आणि दोनदा ठेवून दिलं.

समारंभ हॉटेलच्या मोठ्या दालनात होता. पाचही जणींना स्टेजजवळच्या गोल टेबलांवर बसवलेलं. पाचही जणींना 'उत्कृष्ट' म्हणून पुरस्काराची बाहुली आधीच दिलेली, आणि आता त्या पाचांतून एकीला सर्वोत्कृष्ट काढायचं. हा प्रकार ज्याने शोधला त्याने बाजारात खरबुजं निवडताना बघितली असणार. सगळी गोड म्हणायची, आणि मग सगळ्यांसमोर एक उचलायचं. उरलेल्या चौघींनी हसून टाळ्या वाजवायच्या. कॅमेरा तेवढ्यासाठीच चौघींवर ठेवलेला असतो.

तिच्या शेजारी निशिगोरी नावाची तिशीतली नटी होती. "ताई, माझा चेहरा आत्तापासून दुखतोय," ती कुजबुजली. "हरल्यावर कसं हसायचं याची आरशासमोर तालीम केली. तुम्ही केली?"

"माझा चेहरा तसाच आहे," मित्सुए म्हणाली. "सिनेमात सारखी हरतच आलेय."

निशिगोरी खुदकन हसली. वर पडद्यावर एकेकीचे तुकडे दाखवत होते. आवाज म्हणाला, "शोजी मित्सुए." ती उठली, वाकली, बसली. झालं. गावी योशिहारुने टीव्ही बंद केला असेल, तिने मनात म्हटलं. मग आठवलं, हा कार्यक्रम घरोघरी रात्री नऊला दिसणार. म्हणजे अजून त्याने बंद केलेला नाही. अजून तो वाट बघतोय. हे तर जास्तच वाईट.

मागच्या वर्षी जिंकलेला वाकुई नावाचा नट पाकीट घेऊन आला. तरणाबांड, दात पांढरे. पाकीट उघडलं. आतलं वाचलं आणि किंचित थबकला, मग नीट, एकेक अक्षर सुटं करत म्हणाला:

"तोकाइरिन मित्सुए."

दालनात टाळ्या पडल्या नाहीत. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोण? कोण म्हणाला?

मित्सुएने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तालीम नसताना हात आपोआप निघाले. छातीत एकदम ऊब आली. तोकाइरिन! म्हणजे आपल्याकडची कुणीतरी. आपल्या डोंगरातली पोरगी इथवर आली, आणि कुणाला पत्ता नाही. बरं झालं. ती मान वळवून दालनभर तिला शोधायला लागली, हसत, डोळे भरून, जोरजोरात टाळ्या वाजवत. अख्ख्या दालनात तिच्या एकटीच्या टाळ्या.

निशिगोरीने तिचा कोपर धरला. "ताई. ताई, तुम्हीच ना?"

तेवढ्यात वाकुईला वाटलं आपलंच चुकलं. तो कपाळावर हात मारून माईकमध्ये म्हणाला, "माफ करा, माफ करा! मी चुकीचं वाचलं. शोजी मित्सुए! शोजीताई!"

आणि मग दालन दणाणलं. टाळ्या, शिट्ट्या, हशा. आता सगळ्यांना कळलं कुणाला मिळालंय. कोपऱ्यात उबुकाता रुमाल तोंडाशी धरून उभा होता. तिला न सांगता त्याने आयोजकांच्या कचेरीचे उंबरे झिजवले होते, पाकिटातल्या नावावर बारीक अक्षरांत उच्चार लिहून घेतला होता. एवढंच जमलं होतं त्याला. आणि ते जमलेलं आता पायाखाली गेलं.

मित्सुए स्टेजवर चढली. किमोनोचा पट्टा घट्ट, श्वास अर्धाच. वाकुई कमरेत वाकून माफी मागतोय. तिने सर्वोत्कृष्टची बाहुली घेतली नाही, आधी माईक घेतला.

"यांनी बरोबर वाचलं," ती म्हणाली. "चुकीचं मी ऐकलं."

लोक हसले.

"हसू नका. माझं नाव तोकाइरिन आहे. बापाने दिलेलं. तुम्ही शोजी म्हणत आलात, मी ओ देत आले. आज कुणीतरी खरं नाव घेतलं तर मला वाटलं दुसरीच कुणी आहे."

आणखी मोठा हशा. किती विनोदी म्हातारी! पुढच्या रांगेतल्या एका निर्मात्याने डोळे पुसले, हसून हसून. वाद्यवृंदाने सूर धरला, म्हणजे आता आवरा. ती वाकली आणि उतरली.

नंतरच्या मेजवानीत जो तो पेला घेऊन आला. "शोजीताई, काय बोललात!" "शोजीबाई, तुमच्यात इतका विनोद आहे हे कुणी सांगितलंच नाही!" तिने प्रत्येकाला मान डोलावली. उबुकाता गर्दीतून आला, घाम पुसत. "मी चुकलो का हो?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्हीच एकटे चुकला नाहीत." आणि वर हॉटेलातल्या आपल्या खोलीत निघून गेली.

खोलीत टीव्हीवर कार्यक्रम लागलेला होता. तिने स्वतःला टाळ्या वाजवताना बघितलं. काही कापलं नव्हतं. उलट कॅमेरा तिच्यावरच रोखून ठेवलेला: एक म्हातारी, भरल्या डोळ्यांची, मान वळवून वळवून कुणाला तरी शोधतेय. तिने टीव्ही बंद केला आणि फोन घेतला. या वेळी तिसरी घंटा वाजायच्या आत उचलला गेला.

"दादा."

"बगितलं," योशिहारु म्हणाला. मागे त्याचा टीव्ही मोठ्याने चालू होता. "त्यो पोरगा तोकाइरिन म्हणाला."

"हो."

"नीट म्हणाला. आपल्याकडं म्हणतात तसं." तो खोकला. "आन तू उठली न्हाईस."

"हो."

"मी हितं उठून उभा राहिलो. एकटाच, कोतात्सुच्या गरम टेबलाखालनं पाय काढून. तू न्हाई उठलीस." त्याने टीव्हीचा आवाज थोडा कमी केला. "टाळ्या कुणासाठी वाजवत हुतीस?"

खोटं बोलता आलं असतं. ऐकू आलं नाही, गोंधळले, वय झालं. "मला वाटलं आपल्याकडची कुणी पोरगी आहे," ती म्हणाली. "मला बरं वाटलं, दादा. इतकं बरं वाटलं."

योशिहारु चिडला असेल, रडत असेल, नुसता बसला असेल. फोनमधून काय कळणार. तिकडे त्याच्या टीव्हीवर अजून शेवटचं बक्षीस जाहीर व्हायचं होतं. इकडे तिला ते कुणाला मिळालं हे केव्हाच ठाऊक होतं.

"आता मोठं बक्षीस," तो अखेर म्हणाला. "सिनेमाचं."

"सांगू कुणाला मिळालं?"

"नगं सांगू. बगतोय."

मग खाली लाकडावर फोन टेकवल्याचा आवाज आला. बंद केल्याचा नाही, टेकवल्याचा. दूर टीव्हीवर कुणीतरी काहीतरी बोलत होतं, लोक हसत होते. ती पलंगाच्या कडेला किमोनोतच बसून राहिली, फोन कानाला लावून. तिकडे टाळ्या सुरू झाल्या, संपल्या, जाहिराती लागल्या. भाऊ फोन बंद करायचा विसरला होता की त्याला बंद करायचा नव्हता, हे तिला समजेना, आणि "दादा" अशी हाक मारून विचारायचं धाडसही होईना.