खुर्चीतला जुना जोड

“हातोडीचा आवाज येत नाहीये हो!” मी स्वयंपाकघरातून ओरडले.

“धार लावतोय,” बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं.

धार सोमवारीही लागली होती. मंगळवारी लहान-मोठे खिळे वेगळे झाले, बुधवारी दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे उभी राहिली. आज गुरुवार. शाळेतल्या बाईंचा नवा जोड मात्र तीन आठवडे लाकडी फर्म्यावर चढून बसला होता आणि खाली उतरायचं नाव घेत नव्हता.

आमचे हे आखूड-लांब पायांच्या माणसांसाठी जोडे बनवतात. पायात जेवढं कमी, तेवढं तळात भरायचं, म्हणजे माणूस लंगडत नाही. दवाखान्याच्या कारखान्यात बावीस वर्षं हेच काम केलं. तिथे पाठीशी मुकादम उभा असायचा. हे रोज त्याच्या नावाने बोटं मोडायचे. “एकदा स्वतःचं सुरू करू दे, मग बघ,” म्हणायचे. कारखाना बंद पडला, ह्यांनी बाहेरच्या खोलीत बाक मांडला, आणि तेव्हापासून मी बघतेच आहे. नऊला बसतात, सव्वानऊला उठतात. पाणी पितात. खिडकी पुसतात. बावीस वर्षं सांगून न आवरलेला माळा परवा न सांगता आवरून झाला. आळशी म्हणावं, तर माणूस दिवसभर घामाघूम. संध्याकाळी चेहरा असा उतरलेला असतो की तोंडावर आलेलं बोलणं मी गिळते.

“कोणी ओरडल्याशिवाय माझे हातच चालत नाहीत गं,” एकदा जेवताना म्हणाले.

“मग मी ओरडू?”

“तू रोजच ओरडतेस. त्याचं काय एवढं!”

हसलो दोघंही. पण मला फार वाईट वाटलं.

दुपारी बाई आल्या. शाळेत शिकवतात. डावा पाय दीड इंच आखूड, आणि गेली कित्येक वर्षं ह्यांच्याच हातचा जोड. आज त्यांच्या हातात काठी होती. बाईंच्या हातात काठी मी पहिल्यांदाच बघितली.

“जुन्याची टाच पार झिजली,” त्या म्हणाल्या. “नवा तयार आहे ना? उद्या माझा शाळेतला शेवटचा दिवस. चौतीस वर्षांत एकही तास खुर्चीत बसून घेतला नाही मी.”

ह्यांनी फर्म्याकडे बघितलं. वरचं चामडं शिवलेलं होतं. खाली डाव्या पायाचा उंच तळ हवा, तिथे काहीच नव्हतं.

“होईलच, बाई. जरा धार लावत होतो. उद्या सकाळी…” ह्यांचे कान लाल झाले.

“वही घरी राहिली म्हणणारी मुलं मी पुष्कळ बघितलीत,” बाई शांतपणे म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या, वाकून दोन्ही जुने जोडे काढले आणि ह्यांच्या पुढ्यात ठेवले.

“अहो, मग तुम्ही घरी कशा जाणार?”

“नाहीच जाणार. अनवाणी मला चार पावलं चालवत नाही, हे तुम्हालाच ठाऊक.”

त्यांनी पिशवीतून वह्यांचा गठ्ठा आणि लाल पेन काढलं. ह्यांनी माझ्याकडे केविलवाणं बघितलं. मी चहा टाकायच्या निमित्ताने सरळ आत सटकले.

थोड्या वेळाने चामडं कापणाऱ्या रापीची करकर ऐकू आली. मग तळात भरायच्या बुचाचे थर घासल्याची खसखस. मग हातोडी. मध्येच ती थांबली की बाई वहीतून मान वर न काढता नुसतं म्हणायच्या, “हं?” की हातोडी पुन्हा सुरू.

उन्हं उतरता उतरता जोड तयार झाला. बाई उभ्या राहिल्या, काठी न घेता दारापर्यंत जाऊन परत आल्या. दोन्ही खांदे एका रेषेत. हे गुडघ्यांवर बसून नुसते टाचेकडे बघत होते.

“मुकादमाची सवय लागलीय मला, बाई,” मान खाली घालूनच म्हणाले. “लाज वाटते सांगायला.”

“लाज कसली? मला घंटेची लागलीय,” बाई म्हणाल्या. “सोमवारी घरी बसून मी काय करणार, ते मलाही कळत नाहीये.”

जुना जोड त्यांनी नेला नाही. काठी मात्र काखेत मारून नेली.

सोमवारी मी केर काढायला बाहेरच्या खोलीत गेले, तर तो जुना जोड खुर्चीत, बाकाकडे तोंड करून मांडलेला. मी उचलायला गेले.

“राहू दे,” हे म्हणाले.

मी खुर्चीच्या भोवतीने केर काढला. शाळेची घंटा आमच्या घरापर्यंत ऐकू येते. नऊला ती झाली, आणि बाई कुठल्या खिडकीशी बसून ती ऐकत असतील, असं मनात येऊन गेलं. मागोमाग हातोडी सुरू झाली.

सव्वानऊला थांबली. मी स्वयंपाकघरात हातातलं भांडं तसंच धरून कान दिला.

“हं?” बाहेरच्या खोलीत कुणीतरी म्हणालं. आवाज ह्यांचाच होता. आणि हातोडी पुन्हा सुरू झाली.