अफवेचा बाप

घड्याळजी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नव्हता. आकाशात म्हणे एक शस्त्र फिरतंय, त्याचा किरण लागला की घड्याळं बंद पडतात आणि विमानं कोसळतात, असं त्याच्या थोरल्या भावाने, दादाने सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला.

"कुणी पाहिलं?"

"न्हाव्याने सांगितलं. तो कशाला खोटं बोलेल?"

पण त्याच धास्तीने दादाने लेकीला विमानात बसू दिलं नाही. तिची परदेशातली नोकरी हातची गेली, तेव्हा घड्याळजीचं हसू मावळलं. या अफवेचा बाप शोधायचाच, म्हणून तो निघाला. न्हाव्याने शिंप्याकडे बोट दाखवलं.

शिंप्याने कात्री खाली ठेवली. "वा रे शहाण्या! तूच तर सांगितलंस. माझं घड्याळ तीनदा बंद पडलं, तेव्हा म्हणालास, वरून कुणी किरण मारतंय, मी काय करू?"

घड्याळजीला आठवलं. तिन्ही वेळा त्याने ते घड्याळ उघडलंच नव्हतं. नुसतं पुसून परत दिलं होतं. आळस झाकायला केलेली थट्टा ती. शस्त्र आणि विमानं पुढच्यांनी पदरची घातली.

संध्याकाळी तो दादाकडे गेला. पुतणी भरलेली बॅग रिकामी करत होती.

"लागला पत्ता?" दादाने विचारलं.

"लागला. माझ्याच दुकानातून निघाली ती अफवा, दादा."

पुतणीने हातातला स्वेटर नीट घडी करून कपाटात ठेवला.

"काका, त्या दिवशी नुसते हसलात," ती म्हणाली. "तेव्हाच का नाही गेलात विचारायला?"