तीन अध्यक्षांची कॉफी

मी किटली बोलतेय. निळ्या इनॅमलची, बुडाला काळी पडलेली. आमच्या बेटावर लढाई चालू होती तेव्हा ओलिंदाताईनं मला डोंगरात नेलं. तिथे लपलेल्या लढवय्यांना ती माझ्यातून कॉफी पाजायची. देश स्वतंत्र झाला, त्यांच्यातलेच लांबेर्तु पहिले अध्यक्ष झाले आणि ताईसोबत मीही अध्यक्षांच्या बंगल्यात आले.

लांबेर्तुसाहेब मंत्र्यांना स्वतः कॉफी ओतून द्यायचे. सगळ्यांचं ऐकायचे. एका पुलाची जागा ठरायला आठ महिने लागले.

"ऐकून ऐकून कान पिकले असतील, साहेब. आता बोला की," ताई म्हणायची. ते नुसते हसायचे. पुढची निवडणूक ते हरले.

मग आले झेफेरिनु. तेही डोंगरातलेच. पूल त्यांनी चार महिन्यांत उभा केला. पण खुर्ची कायम भिंतीला टेकलेली, आणि कॉफीचा पहिला घोट ताईनं घ्यायचा, असा नियम.

एका सकाळी कप तोंडाला लावताच ते थांबले.

"कडू का लागतेय?"

"बी जरा करपलं, साहेब."

"करपलं की करपवलं? काल कुणाला भेटलीस?"

"मासेवालीला. तिलाही धरून आणता का?"

कुणी हसलं नाही. "सगळी पी," ते म्हणाले.

ताई उभ्यानंच प्यायली. एकेक कप करत मी रिकामी झाले. तासभर पहारेकरी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला काही झालं नाही.

"आता दुसरी कर."

ताईनं एप्रन सोडून त्यांच्या टेबलावर ठेवला. "डोंगरात ताप आला होता तेव्हा तुम्हाला चमच्यानं पाजलंय मी," एवढंच म्हणाली. मला उचलून ती चालू लागली. कुणी अडवलं नाही.

गेल्या महिन्यात तिसरे अध्यक्ष, तरुण इनासियु, ताईच्या अंगणात आले. "मावशी, परत चला. आता तिथे कुणी कुणाला घाबरत नाही." माझ्यातली कॉफी त्यांनी स्वतः ओतली, ताईला, सचिवाला, शेजाऱ्यांना. फोटो निघाले. मीही भुललेच होते.

पण कप ओठांना लावून साहेब सचिव आधी पितोय का, तेच बघत राहिले. मग घोटही न घेता कप हळूच खाली ठेवला.

"विचार करून सांगते," ताई म्हणाली.

ते गेल्यावर तिनं तो भरलेला कप पपईच्या बुंध्याशी ओतला. अजून तिनं काही कळवलेलं नाही. मी चुलीपाशी बसून आहे.

तुम्हाला एवढंच सांगते. नेता गोड बोलून गेला, की त्याचा कप उचलून बघा.