दुसऱ्याचा दगड

एफ्राइनला माझं बोलणं जसंच्या तसं सांगायला काय होतं, देव जाणे. अख्ख्या वाटेत त्याने माझ्या तोंडी नको नको ते घातलं.

निघालो त्या सकाळी मी आमच्या क्वेचुआ बोलीत म्हणाले, "त्या लाल टोपीवाल्या बाईला सांग, बुटाची नाडी बांध. नाहीतर दरीत जाशील."

एफ्राइन डोंगर बघायला आलेल्या पाहुण्यांकडे वळला, छातीवर हात ठेवला आणि स्पॅनिशमध्ये म्हणाला, "आजी म्हणतात, डोंगराने तुम्हाला लेकरांसारखं ओळखलंय."

बाईचे डोळे भरून आले. नाडी सुटलेली ती सुटलेलीच.

एक तर मी कुणाची आजी नाही, आणि याच्यामुळे व्हावं अशी घाईही नाही. दुसरं, मला स्पॅनिश कळतं. शाळेत मी नावापुरती गेले, पण कुस्को शहराच्या बाजारात बटाटे विकण्यात केस पांढरे केले. त्या भाषेत मला भाव करता येतो आणि शिव्याही देता येतात. एफ्राइनला हे ठाऊक आहे. पण म्हातारी पाहुण्यांपुढे तोंड उघडणार नाही, या भरवशावर तो माझ्यादेखत रेटून खोटं बोलतो.

बरं, तो परका असता तर सोडून दिलं असतं. आमच्याच गावच्या खालच्या आळीतला हा पोरगा, आमचेच बटाटे खाऊन वाढला. कुस्कोला जाऊन वाटाड्या झाला, गळ्यात शिट्टी आली, आणि आता माझी लेक हुस्तिना मागतो. पेरणीनंतर रीतीप्रमाणे कोकाच्या पानांचा पुडका घेऊन आला होता. मुलीच्या आईने पुडक्याची गाठ सोडून पान तोंडात टाकलं की झाला होकार. मी गाठ सोडली नाही. पुडका शालीत खोचला आणि म्हणाले, "आम्ही लामांच्या पाठीवर ओझी लादून पुकामार्काला निघालोय. तुझेच पाहुणे, तुझंच सामान. वाटेत माणूस कळतो. तिथे पोचल्यावर सांगेन."

हुस्तिनाचं मन त्याच्यावर बसलंय. का, ते मला विचारू नका. चारांगो बरा वाजवतो म्हणे. तारा छेडून चूल पेटत असती तर मीही नाचले असते.

वाटेतल्या प्रत्येक गावात त्याचं तेच. वरच्या वस्तीत माझी चुलत बहीण व्हिक्तोरियाना अंगणात गोठवलेले बटाटे पायांनी तुडवत होती, पाणी काढायला. हा पाहुण्यांना सांगतो, "हा चंद्राचा नाच आहे."

व्हिक्तोरियानाने मला विचारलं, "काय म्हणतोय गं तुझा जावई?"

"अजून झाला नाही."

"मग होऊ देऊ नकोस. त्याला म्हणावं, चंद्राला बोलव, माझे पाय दुखायला लागलेत."

एफ्राइनने हसून तेही उलथंपालथं केलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हुस्तिना लामांच्या दोऱ्या आवळत होती, तिने मान वर केली नाही.

पुढे नदी आणि नदीनंतर खिंडीची चढण. आमच्यात खिंडीवर रिकाम्या हाताने जात नाहीत. खालून, नदीवरून, एक दगड उचलायचा, सगळी चढण हातात वागवायचा आणि माथ्यावरच्या ढिगावर ठेवायचा. वाटेचा शीण त्या दगडात उतरतो आणि तिथेच राहतो. माझी आई ठेवायची, तिची आई ठेवायची. त्या ढिगात अख्खं गाव थकून पडलंय म्हणा ना.

हुस्तिनाने चांगला वजनदार, काळा, पांढऱ्या शिरेचा दगड उचलला. एका हातात लामांची दोरी, एका हातात दगड, आणि पाठीवर भांडी. मीही घेतला. पाहुण्यांनी, कौतुक सांगते, प्रत्येकाने घेतला. लाल टोपीवाली तर छातीशी धरून धापा टाकत आली. एफ्राइनच्या हातात मोबाईल होता.

माथ्यावर हुस्तिनाने दगड ठेवला, हात झटकले, लांब श्वास घेतला आणि लामांकडे गेली. तेवढ्यात लाल टोपीवालीने विचारलं, "एफ्राइन, तुझा कुठला? थांब, फोटो काढते."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. वाकला. वरचाच तो काळा, पांढऱ्या शिरेचा दगड उचलला, कपाळाला लावला, डोळे मिटले आणि सावकाश पुन्हा ठेवला. फोटो छान आला असणार.

मी जवळ जाऊन म्हटलं, "तो हुस्तिनाचा होता."

"आई, दगडासारखा दगड. ढिगात काय फरक पडतो?"

"मला आई म्हणू नकोस."

हुस्तिनाने पाहिलं होतं. उतारावर गाणं म्हणायची तिची सवय, पण त्या दिवशी तिने ते म्हटलं नाही.

आणि गंमत ऐका. खिंड उतरताना एफ्राइनचे गुडघे धरले. माझ्या पोरीचा शीण उचललान ना, दुसरं काय होणार! आजाऱ्यासाठी म्हणून आणलेल्या घोड्यावर वाटाड्या बसला आणि ज्यांना वाट दाखवायची ते मागून पायी. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची सवय लागली की पाय असे जातात.

पुकामार्काला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आमच्या पूर्वजांनी रचलेल्या भिंतींचे चिरे, एकमेकांत बसलेले. मध्ये चिखल नाही, चुना नाही. एफ्राइन घोड्यावरून उतरला, पाहुण्यांना अर्ध्या गोलात उभं केलं आणि हुस्तिनाचा हात धरून माझ्यापुढे आला. मोबाईल वर झाले. मला कळलं. चारचौघांत, फोटोंपुढे, म्हातारी नाही कशी म्हणेल!

"आई, आता उत्तर द्या," तो क्वेचुआत म्हणाला, आणि पाहुण्यांकडे वळून स्पॅनिशमध्ये, "आजी आता आम्हाला आशीर्वाद देतील."

मी हुस्तिनाकडे पाहिलं. तिने आपला हात हळूच सोडवून घेतला आणि शालीखाली घातला.

मग मी पुडका काढला. गाठ होती तशी होती. त्याच्या तळहातावर ठेवला आणि स्पॅनिशमध्ये बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"आज तू मध्ये बोलू नकोस, एफ्राइन, माझं मी सांगते. माझ्या पोरीने आपला शीण खिंडीवर उतरवून ठेवला होता. तो तू उचललास, तुझा म्हणून मिरवलास, आणि वर घोड्यावर बसून आलास. उद्या ती घर उभं करेल आणि तू दारात फोटो काढून घेशील. हा पुडका घे. नदीवर जा, आपल्या हाताने दगड उचल आणि खिंडीवर पायी घेऊन जा, बघायला कुणी नसताना. मग पुन्हा दारात उभा राहा, आणि तेव्हाही आधी हिला विचार, मला नाही. तोवर तू माझा जावई नाहीस. दुभाषा आहेस, आणि तोही खोटा."