इंजेक्शनच्या नावावर

आमच्या यांना कारखान्यातली माणसं पाठीमागे 'भोंगा' म्हणतात. ते नाव मीच पाडलंय. फर्निचरचा कारखाना, करवतीच्या वरताण ओरडायची सवय, आणि तोच आवाज घरी जेवायला बसल्यावर. त्याच आवाजात त्यांनी धाकट्या लेकीला घराबाहेर काढलं. कारखान्यातल्या पॉलिशवाल्याशी लग्न केलं, एवढाच तिचा गुन्हा. तिची मुलगी मी नुसती फोटोत पाहिली होती.

मग यांच्या प्रोस्टेटला कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. "गाठ कडेपर्यंत आलीय. लगेच कापलं तर मागे काही राहून जाईल. आधी इंजेक्शनने पुरुषी हार्मोन बंद करू, त्यावरच ती पोसते. शिवाय तपासणीत पेशींमधला एक दोष सापडलाय, नेमका त्यावर मारा करणाऱ्या गोळ्या जोडीला. आकसली की ऑपरेशन. ही जोडी नवी आहे, हमी देत नाही."

"म्हणजे आधी उपाशी ठेवायचं, मग नेम धरून हाणायचं," मी म्हटलं.

"काकू, किती थोडक्यात सांगितलंत!"

"भोंग्याजवळ जन्म गेला, बाई. दोन भोंग्यांच्या मधे जेवढं मावेल तेवढंच बोलायला शिकले."

हे माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिले.

औषधं सुरू झाली आणि माणूस विझला. दरदरून घाम फुटायचा. दंड सुकले, छाती बायकांसारखी भरली. जिन्यात अर्ध्यावर टेकायचे. एका संध्याकाळी मी भाजी चिरत होते, बघते तर हे रडतायत.

"काय झालं?"

"धाकटी काय करत असेल गं?"

मी विळी सोडली नाही. "करत असेल संसार. तुमच्या परवानगीवाचूनही माणसं जगतात."

"फोन लाव तिला."

धाकटी आली, नवऱ्याला आणि पोरीला घेऊन. यांनी नातीला मांडीवर घेतलं. जावयाला म्हणाले, "माझं ऑपरेशन झालं की कारखान्यात ये. पॉलिशचं सगळं तूच बघ." तो बिचारा उभाच राहिला, बस म्हटलं तरी बसेना.

स्वयंपाकघरात धाकटी माझ्या कानाशी लागली. "आई, हे बाबा बोलतायत की इंजेक्शन?"

"कुणी का बोलेना. पदरात पडलं ते घ्यावं."

"आणि उतरल्यावर?"

"मी मेलेय का? माझा शब्द आहे."

माझ्या शब्दावर जावयाने हातातली नोकरी सोडली.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ आकसून एवढीशी उरली होती, ती सगळी निघाली. इंजेक्शन बंद, गोळ्या बंद. महिने गेले तसे दंड भरले, जिना एका दमात चढू लागले. एक दिवस मी डबा घेऊन कारखान्यात गेले, तर करवत बंद आणि आवाज रस्त्यापर्यंत. सगळ्या कारागिरांदेखत जावयाला म्हणत होते, "आधी मुलगी पळवलीस, आता कारखाना पळवायला आलास का रे, भिकारड्या?" ऑपरेशननंतर लघवी अजून थांबत नव्हती, आत पॅड होतं, तेही सकाळी मीच हातात दिलेलं, आणि वर हा रुबाब.

जावयाने पॉलिशचा बोळा ठेवला, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

घरी मी विचारलं, "तुम्हीच बोलावलं होतंत ना त्याला?"

"तो मी नव्हतो. औषध बोलत होतं. बाईमाणूस करून ठेवलं होतं मला."

"बाईमाणूस होतात तेव्हा बरे होतात."

पुढच्या तपासणीला मी यांच्यासमोरच विषय काढला. "बाई, त्या इंजेक्शनने लेकीची माया येते का हो?"

"अगं ए!" हे खेकसले.

बाई हसल्या नाहीत. "घाम येतो, थकवा येतो. मन हळवं होतं, रडूही येतं. पण कुणासाठी रडायचं ते औषध कसं सांगेल? ते ज्याचं त्याच्या आतलंच."

"म्हणजे आत होतं."

"असणारच."

नसतं तर बरं होतं. जन्मभर मी लेकीची समजूत घालत आले, बाबांचा स्वभावच तसा, दगडाला पाझर कुठून फुटायचा? दगड परवडला. त्याच्याजवळ नसतं, म्हणून तो देत नाही. यांच्याजवळ होतं, आणि आम्हाला दिलं नाही.

दवाखान्याबाहेर हे खुशीत होते. "रिपोर्ट झकास आहे. चल घरी."

"तुम्ही व्हा पुढे. मी धाकटीकडे चाललेय."

"परत कधी?"

"तिथे येऊन जावयाची माफी मागाल तेव्हा. सुई न टोचता."

भर रस्त्यात भोंगा वाजला. माणसं थांबून बघायला लागली. मी बसमध्ये चढले.

धाकटीने दार उघडलं. माझी पिशवी बघितली, माझ्यामागे कुणी आहे का तेही बघितलं.

"एकटीच?"

"एकटीच."

ती बाजूला झाली. हातातली पिशवी मात्र घेतली नाही.