उपास धरून या

ढोंगी म्हनायचं आसंल तर तोंडावर म्हना. आमच्या सासूबाई गोजरबाई तोंडावरच म्हनायच्या, येवढं त्यांचं खरं. "भागूचं पोट बरं कामाच्या वक्ताला दुखतं!" खुरपं हातात घेतलं की माझ्या छातीखाली आग पडायची, मी दुमडून बांधावर बसायची, आन् त्या बायांना बोटानं दाखवायच्या. शेवटी त्यांनी लेकाला, माझ्या नवऱ्याला, सांगून टाकलं, "सहादेवा, हिला नगरच्या दवाखान्यात दाखव. काय निघालं न्हाई तर मिरजगावला म्हायेरी घाल. मी माझी भाची सून करून आनते." नवरा लगीच मोटारीचं भाडं मोजाय लागला.

लढाईचं साल हुतं. सर्व्हिस मोटारीनं तिघं नगरला गेलो. तितं पुष्पावतीबाई नावाच्या नर्स हुत्या. त्या म्हनल्या, "पोटातलं आंबट पाणी काढून तपासायचं आहे. उद्या सकाळी उपास धरून या."

उपास? त्यात काय आवघड! सकाळी धर्मशाळेत सासूबाईंनीच भगर शिजवली, शेंगदान्याची आमटी केली. उपासाला चालतं तेच खाल्लं, पन पोटभर खाल्लं.

दवाखान्यात रबरी नळी गिळायला लावली. पुष्पावतीबाईंनी पिचकारीनं ओढलं, तर आला शेंगदान्याचा चुरा! "बाई, तुम्ही जेवून आलात?"

"जेवले न्हाई वो, उपास केलाय. भगर खाल्लीय."

त्यांनी कपाळावर हात मारला. त्या किरिस्ताव, त्यांचा उपास म्हंजे काहीच खायचं न्हाई.

सासूबाईंना ते आयतंच घावलं. "बघितलं? सोंग उघडं पडू नये म्हनून मुद्दाम खाल्लं!"

आगं बाई, शिजवलं कुनी? तेवढ्यात सहादेवानं गाठोडं उचललं, "चल घरी, झाली तपासनी." मी ओट्यावर फतकल घातलं. "तुमी जावा. तपासनी झाल्याबिगर मी हितनं हालनार न्हाई. आन् सासूबाई, तुमी पन थांबायचं. डोळ्यानं बघायचं." रातभर मी पान्याचा घोट घेतला न्हाई.

दुसऱ्या दिशी पुन्हा नळी. ही तपासनी कुनाला करायची आसंल तर सांगते, भिऊ नका. घशाशी आली की उमासा येतो, डोळ्यातनं पानी येतं. नाकानं श्वास घ्यायचा आन् घोट घेतल्यागत गिळत ऱ्हायचं. एकदा पोटात पोचली की दुखत न्हाई. भाईरचं टोक गालाला चिकटवतात, आतलं पानी ओढून घेतात, मग पातळ पेज पाजतात आन् थोड्या थोड्या वेळानं पुन्हा ओढतात. लई वेळ चालतं. खरे हाल म्हंजे नीट बोलता येत न्हाई! सासूबाई समोर बसून भाचीचं कवतिक करीत हुत्या, आन् मला गप ऐकावं लागलं.

मग पुष्पावतीबाईंनी त्या पान्यात औषधाचे थेंब टाकले. म्हनल्या, "आंबट नसेल तर पिवळं राहील." सासूबाई पुढं वाकल्या. पानी लालभडक झालं.

डॉक्टर म्हनले, "पोटात आम्ल फार आहे. आत जखम असावी. पोट रिकामं ठेवायचं नाही. वेळेवर खायचं, दूध घ्यायचं, तिखट बंद. तुम्ही जेवता कधी?"

तवर नळी निघाली हुती. "समद्यांचं उरकल्यावर," मी म्हनलं, "काय उरलं तर."

सासूबाई भिंतीकडं बघाय लागल्या. मला तितंच रडू फुटलं, पन ते दुखन्याचं न्हवतं. खरी ठरले हुते मी!

घरी आल्यावर चूल मीच पेटवली. तव्यावरची पैली भाकर माझ्या ताटात घेतली, वर दूध वतलं, आन् समद्यांच्या देखत बसले जेवायला. सहादेव दारात हात धुऊन उभा. सासूबाईंचे डोळेच पांढरे झाले. "आगं, पुरुषमानूस उपाशी, आन् तू गिळतीस?"

"असू द्या की घटकाभर उपाशी," मी घास मोडत म्हनलं. "पोटात दुखलंच तर नळी घालून बघू, खरं हाय का ढोंग."