नवसाचं दूध

"काशी, मासा दुखणाईत झाला तर औषधाचं मागून. आधी तळ्यात काय पडतंय ते बघ."

सासरे बाळाजी असं सांगायचे. दिवेआगरच्या सुपारीच्या वाडीत त्यांनी शेजारच्या हमदुल्लाबरोबर तळं खणलं, त्यात मागूर मासे सोडले. आता बाळाजी राहिले नव्हते, हमदुल्ला जहाजावर होता. तळं काशीच्या नि हमदुल्लाच्या बायकोच्या, सफुराच्या हाती आलं होतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीच्या भादव्यात माशांच्या अंगावर लाल व्रण उठले. रोज काही मासे पोट वर करून तरंगायचे. काशी नवस बोलली : मासे बरे होईपर्यंत तळ्याला रोज तांब्याभर दूध नि देवावरची फुलं. मासे मरत गेले तसं तिनं दूध वाढवलं.

शेवटी मत्स्यखात्याचे साहेब आले. औषधाची पूड देऊन म्हणाले, "कोंड्यात मळून घाला. जे अजून खातायत ते वाचतील. मेलेले लांब नेऊन पुरा." मग ओंजळभर पाणी हुंगून त्यांनी कपाळाला आठी घातली. "ह्यात टाकता काय? पाणी नासलंय. असंच चाललं तर औषध फुकट जाईल."

काशीची मान खाली गेली. साहेब गेल्यावर सफुरा म्हणाली, "काशीबाय, एवढं दूध व्हतं तर माझ्या चहात तरी घालायचंस."

काशीला हसू आलं नाही. "नवस मोडू कसा गं?"

"तुझ्या देवाला मासे जगवायचेत का दूध प्यायचंय? विचार त्याला."

काशी काठावर बसून राहिली. तगरीची फुलं कुजून पाण्यावर साचली होती. त्यांच्यातून एक मागूर वर आला, हवेचा घोट घेऊन खाली गेला. अंगावरचा व्रण पार मांसापर्यंत पोचला होता. मासे दूध प्यायला वर येतात, असं इतके दिवस तिला वाटत होतं.

"उद्यापासून एक पाकळी पडायची न्हाय," ती हळू म्हणाली. "शब्द देते. दोष लागला तर माझ्या एकटीला लागंल."

सफुरानं परातीत कोंडा ओतला. दोघींनी मिळून औषध मळलं.

सकाळी पूजा झाल्यावर काशीनं दूध उतरवलं नि चुलीपाशीच झाकून ठेवलं. निर्माल्य परडीत भरलं. नवस मोडला म्हणून तोंडात पाण्याचा थेंब न घेता, तळ्याकडचं मागचं दार सोडून ती पुढच्या दारानं बाहेर पडली आणि परडी घेऊन समुद्राच्या वाटेला लागली.